झाडं सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरामागे ४० बाय ३० फुटांचं मोकळं परसदार आहे. मागचं दार पश्चिमेला उघडतं, त्यामुळे दुपार कलली की तिथे थांबवत नाही. पाऊस झाला की दारासमोरच पाणी तुंबतं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे आणि त्यांच्या वरच्या खिडकीतून सगळं दिसतं. कंत्राटदाराने आराखडा दिलाय: मधोमध हिरवळ, लांबच्या कोपऱ्यात गझिबो (वर छत आणि बाजू उघड्या अशी बसायची जागा), तिथवर जाणारी नागमोडी वाट, वाटेत कारंजं आणि कुंपणाच्या कडेने दीडशे रोपं. पैसे एकदम घालता येणार नाहीत. सुरुवात कुठून करावी?

तुमच्या कंत्राटदाराचा आराखडा वाईट नाही, पण उलटा आहे. तो वरून बघायला काढलाय. कागदावर नागमोडी वाट आणि कोपऱ्यातला गझिबो फार गोड दिसतात, पण परसदारात आपण वरून उतरत नाही, दारातून बाहेर पडतो. आणि दारातून बाहेर पडल्यावर तुमचा पाय पहिल्यांदा कुठे पडतो, तर डबक्यात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून ठामपणे सांगतो. या कामात नवा होतो तेव्हा एका घरामागे, दारापासून पन्नासेक फुटांवर, गोल फरसबंदी केली. तिच्याभोवती दगडी बाक, मागे फुलझाडं. फोटो इतके छान आले की पुढची दोन वर्षं तेच दाखवून कामं मिळवली. वर्षभराने छाटणीसाठी गेलो तर बाकावर शेवाळ आणि बाकाच्या दोन टोकांमध्ये कोळ्याचं अखंड जाळं. म्हणजे कित्येक दिवसांत तिथे कुणी टेकलं नव्हतं. घरातली माणसं बसत होती ती मागच्या दाराच्या दोन अरुंद पायऱ्यांवर. पायरीच्या कडेला चपला, आणि शेजारच्या भिंतीवर, पाठ टेकून टेकून उमटलेला, बरोबर खांद्याच्या उंचीचा एक मळकट पट्टा. बसायची जागा त्यांनी केव्हाच निवडली होती. मी तेवढी पायरी रुंद करून दिली असती तरी काम झालं असतं.

म्हणून कुदळ मारण्याआधी पहिलं काम: दोन-तीन हलक्या खुर्च्या मागच्या दारात ठेवा आणि तीन आठवडे काहीही करू नका. खुर्च्या कुठे सरकतात ते बघा. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये माणसं कशी आणि कुठे बसतात याचं वर्षानुवर्षं चित्रण केलं आणि १९८० मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच्या लक्षात आलेली एक मजेदार गोष्ट अशी की, हलवता येणारी खुर्ची असेल तर माणूस बसण्याआधी ती इंच-दोन इंच का होईना, सरकवतोच. जागा आपली करून घेण्याची ती रीत असावी. घरातही तसंच होतं. सकाळी खुर्च्या एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे दिसतील. तीन आठवड्यांनी त्या जिथे घोटाळताना दिसतील, तिथे तुमचा ओटा.

तो बहुतेक दारालगतच निघेल असा माझा अंदाज आहे. निघू द्या. आता त्याचं माप. इथे लोक हमखास कंजुषी करतात. चार जणांचं टेबल तीन बाय तीन फुटांचं असतं, पण खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या प्रत्येक बाजूला तीन फूट लागतात. म्हणजे नऊ-दहा फुटांचा चौरस झाला, आणि त्यात अजून कुणी पाठीमागून ये-जा करत नाहीये. सहा जणांना १२ बाय १० फूट म्हणजे जेमतेम. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये लिहून ठेवलंय की सहा फुटांपेक्षा कमी रुंदीची बाल्कनी किंवा ओसरी माणसं फारशी वापरत नाहीत. मला आजवर याला अपवाद सापडलेला नाही. चार फुटांच्या पट्टीवर माणसं एका ओळीत बसतात, आणि एका ओळीत बसून गप्पा होत नाहीत. कागदावरच्या मापावर विश्वास ठेवू नका. जमिनीवर फक्की मारा, घरातलंच टेबल आणून त्या चौकोनात ठेवा, सगळ्यांना बसवा आणि एकाला खुर्च्यांच्या मागून भरलेली परात घेऊन चालायला सांगा. तो रेषेबाहेर गेला की रेषा पुढे सरकवा.

आता पाणी. उत्तराचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं; ओट्याखालचा ढाळ चुकला तर ओटा फोडावा लागतो.

दारासमोर पाणी का तुंबतं? बहुतेक घरांत कारण एकच असतं. पाया खणताना भोवतीची माती काढतात आणि काम झाल्यावर ती पोकळ भरून टाकतात. दोन-चार वर्षांत ती बसते. मग भिंतीलगतची जमीन खाली आणि चार-पाच फुटांपलीकडची जमीन वर, असा उलटा ढाळ तयार होतो. वरून छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका तिथेच सोडलेला असतो. हिशेब करून बघा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराचा मागचा अर्धा भाग ६० चौरस मीटर धरला आणि एका सरीत ३० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका पाइपातून १,८०० लिटर पाणी तुमच्या दारात ओतलं जातं. तेव्हा गटार, पंप वगैरे विचार करण्याआधी छत्री घेऊन भर पावसात पाच मिनिटं मागे उभे राहा आणि पाणी येतंय कुठून ते बघा. कोरड्या दिवशी आलेल्या तज्ज्ञापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगतोय.

मग ढाळ मोजा. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा, आणि आतला हवेचा एकेक बुडबुडा निघेपर्यंत थांबा. एक बुडबुडा राहिला तरी माप खोटं येतं, आणि तो नेमका नळीच्या मधल्या वळशात दडून बसतो. नळी डोक्यावर धरून टिचक्या मारल्या की सुटतो. एक टोक भिंतीशी, दुसरं दहा फुटांवरच्या खुंटीशी. दोन्हीकडे पाणी जिथे स्थिरावेल ती एकच पातळी. तिथपासून खाली जमिनीपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमचा उतार. उघड्या मातीला भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच ढाळ हवा. फरसबंदीला कमी चालतो, फुटाला पाव इंच, म्हणजे १२ फुटांच्या ओट्याला तीन इंच. एवढा ढाळ पायाला जाणवत नाही, टेबल डुगडुगत नाही, पण पाणी निघून जातं.

ओट्याची उंची ठरवताना एक पथ्य पाळा. जोत्यात ओल अडवणारा थर, डीपीसी, असतो. ओट्याचा पृष्ठभाग त्याच्या किमान सहा इंच खाली हवा. घरातल्या फरशीला सपाट जुळणारा ओटा दिसतो फार सुरेख, पण भिंतीवर उडणारं पावसाचं पाणी त्या थराच्या वरून आत शिरतं आणि आतल्या भिंतीला पोपडे धरतात. मग रंगाऱ्याला दोष दिला जातो.

भिंतीपासून दूर काढलेलं पाणी जाणार कुठे? शेजाऱ्याकडे नाही, हे आलंच. तुमच्याकडे घरापासून कुंपणापर्यंत ३० फूट आहेत, म्हणजे ते जिरवायला जागा आहे. घरापासून दहा फुटांपेक्षा जास्त अंतरावर, सखल बाजूला, सहा ते आठ इंच खोलीचा बशीसारखा पसरट वाफा करायचा आणि पन्हळीचं पाणी तिथवर न्यायचं. पण आधी तिथली जमीन पाणी पिते का ते तपासा. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या. पहिल्या वेळचा वेग धरू नका, कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं ओढते. पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर तिथे जिरवण्याचा हट्ट सोडा, पाणी पाइपाने पुढे काढा. वाफ्यातलं पाणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत दिसेनासं व्हायला हवं. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे तेवढ्यात जिरणाऱ्या पाण्याची भीती नाही. भीती असते ती कुंडीखालच्या ताटलीची आणि अडगळीतल्या बादलीची.

ऊन आणि शेजारची खिडकी हे दोन प्रश्न तुम्ही वेगळे विचारलेत. मला ते एकत्र सोडवायला आवडतील, कारण तुमच्याकडे दोन्ही एकाच दिशेने येतात.

आधी चांगली बाजू: मागचं दार पश्चिमेला म्हणजे सकाळभर घराचीच सावली ओट्यावर असते. त्रास दुपारनंतरचा. आणि पश्चिमेचं ऊन वरून पडत नाही, आडवं येतं. गझिबो इथेच नापास होतो. समजा संध्याकाळकडे सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आलाय आणि गझिबोचं छत आठ फुटांवर आहे. छताच्या पश्चिम कडेखालून शिरलेला किरण जमिनीला टेकतो तो जवळजवळ १४ फूट आत. गझिबो दहा फुटांचा. म्हणजे छत डोक्यावर असून त्याखालच्या सगळ्या फरशीवर ऊन, आणि छताची सावली पडते ती पलीकडच्या हिरवळीवर, जिथे कुणी बसलेलं नाही. आडव्या उन्हाला उभाच आडोसा लागतो.

आता खिडकी. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर असतात. शेजारची वरची खिडकी १६ फुटांवर आणि तुमच्यापासून ३० फूट लांब आहे असं धरू. नजरेची रेषा ३० फुटांत १२ फूट चढते. ती रेषा कुंपणापाशी, म्हणजे तुमच्यापासून २० फुटांवर अडवायची तर १२ फूट उंच काहीतरी हवं. तुमचा कंत्राटदार तिथे रोपं लावून ती १२ फुटांची होईपर्यंत तुम्हाला थांबायला सांगतोय. तीच रेषा तुमच्या खुर्चीपासून चार फुटांवर अडवली तर साडेपाच-सहा फूट पुरतात. आडोसा जितका जवळ, तितका बुटका चालतो. याच कारणाने छत्री डोक्यावर धरतात, ढगाला झाकण लावत नाहीत.

तर खुर्च्यांपासून साधारण चार फुटांवर, ओट्याच्या पश्चिम कडेला, सात फूट उंचीची लाकडी जाळी उभी करा आणि तिच्यावर वेल चढवा. खिडकी गेली आणि ३० अंशांवरचं ऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जायला लागलं. सूर्य आणखी खाली गेला की पूर्ण सावली. जाळी ओट्याच्या अख्ख्या लांबीची मात्र करू नका, पिंजऱ्यात बसल्यासारखं होईल. सात-आठ फूट रुंदी पुरते, ती खिडकीच्या आणि संध्याकाळच्या उन्हाच्या रोखाने जराशी सरकवून. उरलेल्या बाजूने बाग दिसत राहू द्या. दुपारी दोन-तीनला सूर्य अजून वर असतो, तेव्हा ही जाळी कामाची नाही. त्यासाठी तिच्याच खांबांवरून भिंतीपर्यंत आडव्या फळ्या टाकून परगोला करता येतो. तो दुसऱ्या टप्प्यात करा, पण खांबांचे खड्डे पहिल्या टप्प्यातच त्या वजनाच्या हिशेबाने घ्या. वेल पानगळीचा निवडलात तर थंडीत पानं झडतात आणि हवंहवंसं ऊन आपसूक आत येतं.

भिंत बांधू नका, जाळीच हवी. भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवरा करून पडतो. निम्मी उघडी जाळी त्याला गाळून संथ करते. वेल भरला तरी ती थोडी श्वास घेते.

वाटेबद्दल थोडक्यात. नागमोडी वाट तेव्हाच करा जेव्हा वळणाला कारण आहे, मध्ये झाड किंवा दगड किंवा चढ आहे. मोकळ्या हिरवळीतून उगाच वळवलेली वाट माणसं पंधरवड्यात सोडतात आणि सरळ तुडवत जातात. तुमची खरी वाट गवत पिवळं पडून दिसते. तीच पक्की करा. दोन माणसं शेजारी शेजारी चालायची असतील तर चार ते पाच फूट, नुसतं पाणी घालायला जायची वाट असेल तर दोन-अडीच फूट.

वाट असो की ओटा, वर दिसणाऱ्या दगडापेक्षा खालचं न दिसणारं काम जास्त महत्त्वाचं, आणि कंत्राटदार वाचवतो तेही तिथेच. माती काढून तळ ठोकायचा, वर चार ते सहा इंच बारीक-मोठी मिसळ असलेली खडी, पण ती एकदम ओतून वरवर धुम्मस मारायचं नाही. दोन-तीन इंचांचा थर, किंचित ओला, ठोका. मग पुढचा थर. सहा इंच एकदम टाकून ठोकलं तर वरचे दोन इंच आवळतात आणि खालचे चार पुढच्या पावसाळ्यात बसतात. खडीवर इंचभर वाळू, वर दगड किंवा ब्लॉक, आणि कडेला पक्की कड. कड नसेल तर बाहेरची रांग आधी सैल होते आणि तिच्यामागे सगळी फरसबंदी फाकत जाते. ओटा बघायला गेलो की मी दगड कधीच आधी बघत नाही, कोपऱ्यातल्या शेवटच्या दगडावर टाच ठेवून उभा राहतो. तो हलला की खाली काय असेल ते कळतं.

एक स्वस्त गोष्ट, जिच्याबद्दल लोक नंतर हळहळतात: फरसबंदीच्या खालून दोन-तीन रिकामे पाइप आडवे टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. पुढे दिवे, ठिबकची नळी, काहीही न्यायचं झालं तर फोडाफोडी नाही. कुठून कुठे गेलेत त्याचा फोटो टेप लावून काढा, कारण सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

पायऱ्या लागल्याच तर घरातल्या मापाच्या करू नका, बाहेर पाय लांब पडतो. सतराव्या शतकातल्या ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुकाराच्या नावाने चालत आलेला हिशेब आजही वापरतात: दुप्पट उंची अधिक रुंदी मिळून साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर. बाहेर पाच इंच उंच आणि १५ इंच रुंद पायरी पायाला सुखाची. आणि एकच एकटी पायरी शक्यतो टाळा. दोन-तीन पायऱ्या दिसतात. एकटी दिसत नाही, लागते.

माती. इथे पुन्हा थोडं थांबायला हवं. घर बांधलेल्या जागेची माती ही माती नसते, बांधकामाचा उकिरडा असतो. वीतभर खणा: चुन्या-सिमेंटची ढेकळं, विटांचे तुकडे, वायरीचे तुकडे, एखादा गंजका खिळा. सिमेंट आणि चुना माती अल्कधर्मी करतात. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात. लोक त्यावर खत घालत बसतात. खताने काही होत नाही. राडारोडा वेचून काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, मान्य आहे.

मातीचा पोत कळायला काचेची बरणी पुरते. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, भरपूर हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती दिवस उलटला तरी पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की माती कळली. चिकण निघाली तर कुणी तरी वाळू मिसळायला सांगेल. ऐकू नका. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकणमाती मिळून वीट होते. दोन-तीन इंच चांगलं कुजलेलं कंपोस्ट पसरून वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा आणि दरवर्षी वरून पालापाचोळ्याचं आच्छादन देत राहा. बाकीचं गांडुळं करतात.

पण हे सगळं ओटा, वाट, जाळी झाल्यावर. आधी माती सुधारलीत तर खडीच्या हातगाड्या त्याच मातीवरून फिरतील आणि ती पुन्हा दगड होईल. झाडं शेवटी म्हणतो त्याचं निम्मं कारण एवढं साधं आहे.

आणि दीडशे रोपं? ४० बाय ३० फुटांत, ओटा आणि वाट वजा जाता, दीडशे रोपं म्हणजे तिसऱ्या वर्षी जंगल आणि चौथ्या वर्षी कुऱ्हाड. रोपं नर्सरीत विकत घेताना असतात त्या मापाने लावली जातात, म्हणून दाटी होते. पूर्ण वाढल्यावर त्यांचा घेर केवढा हे विचारा आणि तेवढं अंतर सोडा. पहिली दोन वर्षं उघडंबोडकं दिसेल. मधल्या जागेत मोसमी फुलं लावा. मी असतो तर एक झाड, दोन-तीन जातींची मिळून पंचवीसेक झुडपं आणि जमिनीलगत पसरणारं काहीतरी एवढंच घेतलं असतं. तीन-तीन, पाच-पाचच्या घोळक्यात. वीस जातींचं एकेक रोप लावलं की बाग दिसत नाही, नमुन्यांचं कपाट दिसतं.

ते एक झाड मात्र नीट लावा. माझी पहिल्या वर्षांतली तीन झाडं तिसऱ्या-चौथ्या वर्षी मेली. कीड नाही, पाणी वेळेवर. मुळं उकरली तेव्हा कळलं: मी ती खोल पुरली होती. खोड जिथे रुंदावून मुळांना फुटतं तो पायघोळ भाग वीतभर मातीखाली होता, आणि वर नव्याने फुटलेली मुळं खोडालाच विळखा घालून आवळत गेली होती. एका झाडाच्या खोडावर त्या विळख्याची खाच करंगळी जाईल इतकी खोल होती. तेव्हापासून नियम: खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण गोळ्यापेक्षा खोल अजिबात नाही, आणि तो रुंदावलेला भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. पिशवीतल्या रोपावरच वरून जास्तीची माती चढवलेली असते, ती बोटांनी उकरून तो भाग शोधा. आच्छादन दोन-तीन इंच, खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवून ढीग केला तर साल कुजते. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे बरीच पसरतात, त्यामुळे पाणी खोडाशी न ओतता घेराच्या कडेने द्या. रोज तांब्याभर देण्यापेक्षा चार दिवसांनी मुरेल इतकं. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच राहतात.

झाडाची जागा? जाळीच्या पलीकडे, ओट्याच्या पश्चिमेला. पाच-सात वर्षांनी जाळीचं काम ते घेईल. तेव्हा जाळी काढायची की ठेवायची ते त्या वेळी बघा.

हिरवळीबद्दल माझं मत बऱ्याच लोकांना आवडत नाही. लहान मुलं लोळणार असतील तर १० बाय १५ फुटांचा तुकडा ठेवा, रोज सहाएक तास ऊन येणाऱ्या जागी. कापताना पातीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कधी कापायचं नाही. मुलं नसतील आणि नुसती बघायलाच हवी असेल, तर एवढी पाणी पिणारी आणि दर आठवड्याला हजामत मागणारी गोष्ट बघायला का ठेवायची हे मला समजलेलं नाही.

दिवे कमी, खाली आणि पिवळसर. २,७०० ते ३,००० केल्विनचे घ्या, वरून झाकलेले, म्हणजे उजेड पायाशी पडतो, डोळ्यांत किंवा शेजाऱ्यांच्या त्या वरच्या खिडकीत नाही. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडेही जास्त येतात. पायरीशी एक, वाटेच्या वळणाशी एक, झाडाखाली एक. पुढचे लागले तर खालून पाइप टाकलेत ना.

टप्पे विचारलेत. पहिल्या टप्प्यात पन्हळीचं पाणी वळवणं, ढाळ, ओटा, जाळी, रिकामे पाइप. हातात पैसे एवढेच असतील तर इथेच थांबा आणि वर्षभर वापरा. त्या वर्षात बाकीच्या आराखड्यातलं निम्मं तुम्हीच खोडाल. मग वाट आणि परगोला, मग माती, मग झाडं. त्या एका झाडाला अपवाद करता येईल. त्याची जागा वाटेत किंवा हातगाडीच्या फेऱ्यांत येत नसेल तर पहिल्याच वर्षी तेवढ्या जागेपुरता राडारोडा काढून, माती करून लावा, कारण त्याचा वेळ पैशाने भरून निघत नाही.

कंत्राटदाराला बदलायची गरज नाही. त्याच्याकडून तोच कागद परत मागवा, पण तीन गोष्टी घालून: प्रत्येक कोपऱ्याची जमिनीपासूनची पातळी, फरसबंदीखालचे थर इंचांत, आणि पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार त्याचे बाण. बाण काढताना त्याचा हात कुठे अडखळतो ते बघा. माझा अंदाज, कारंज्यापाशी. कारण तुमच्या सखल भागात, पाणी जिरवायचा वाफा जिथे यायला हवा, तिथेच त्याने ते काढलेलं असणार.